गावात व्यसनमुक्ती केंद्र येतंय? नव्या सरपंच-सदस्यांनी काय बघायचं

माझा धाकटा भाऊ दारू सोडवण्यासाठी ज्या पहिल्या केंद्रात राहिला, तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला होता. चौकटीला प्लास्टिकच्या फुलांचा हार. भावाला सोडायला गेले त्या दिवशी मी गोल शिक्का बघितला, सही बघितली आणि परवाना असणार असं धरून घरी आले. चार महिन्यांनी त्याला तिथून काढून आणताना मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. तो त्या गावच्या ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला होता. त्या केंद्राकडे दुसरा कुठलाही कागद नव्हता.

पुढे मी आमच्या ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होते आणि तसाच अर्ज आमच्याही मासिक सभेत आला. गावाबाहेर एक बंद पडलेलं मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन तिथे व्यसनमुक्ती केंद्र काढायचं होतं. आमच्यापैकी कुणालाच काय विचारायचं ते माहीत नव्हतं. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. हे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे. मूळ कायदा मात्र देशभर एकच असल्यानं गोव्यातल्या पंचायतींनाही बराचसा भाग उपयोगी पडेल.

१. परवाना कोण देतं, ते आधी डोक्यात पक्कं करा

निवासी व्यसनमुक्ती केंद्र चालवण्याचा परवाना ग्रामपंचायत देत नाही. तहसीलदार देत नाहीत, पोलीस पाटीलही देत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितीही धरल्या आहेत. अशा माणसांना दाखल करून, ठेवून घेऊन जिथे उपचार किंवा देखभाल होते ती जागा कायद्याच्या भाषेत ‘मानसिक आरोग्य आस्थापना’. कलम ६५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय अशी आस्थापना कुणालाही सुरू करता येत नाही आणि चालवताही येत नाही.

पाटीवर काय नाव आहे यानं फरक पडत नाही. नशामुक्ती केंद्र, संस्कार केंद्र, आश्रम, योग-निसर्गोपचार, आयुर्वेदिक उपचार, नाव काहीही असो, पेशंट मुक्कामाला ठेवत असाल तर नोंदणी लागते. माणूस स्वतःच्या घरी, नातेवाइकांत राहत असेल तर ते घर यात येत नाही, एवढाच अपवाद.

अर्जासोबत तुमच्यापुढे कागदांची फाइल येईल. त्यात धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी असेल, उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी असेल, भाडेकरार असेल, मोठ्या माणसांबरोबर काढलेले फोटो असतील. संस्था अस्तित्वात आहे, एवढंच त्यावरून कळतं. दाखल केलेल्या माणसांवर उपचार करायला ती पात्र आहे की नाही, हे त्यातल्या एकाही कागदावर लिहिलेलं नसतं.

२. नोंदणी असेल तर तिच्यावरची तारीख वाचा

इथे बहुतेक जण फसतात. ‘आम्ही नोंदणीकृत आहोत’ हे वाक्य खरं असूनही त्याचा अर्थ फार थोडा असू शकतो, कारण नोंदणीचे दोन टप्पे आहेत.

पहिली तात्पुरती. अर्ज आल्यावर प्राधिकरणानं दहा दिवसांत तात्पुरतं प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि त्याआधी कुठलीही चौकशी करायची नसते. म्हणजे त्या कागदावर शिक्का असला तरी केंद्राच्या दारात कुणी अधिकारी येऊन गेलेला असेलच असं नाही. त्याची मुदत बारा महिने.

दुसरी कायमची. किमान मानकं पूर्ण केल्याचे पुरावे केंद्रानं द्यायचे, आणि प्राधिकरणानं ते ३० दिवस लोकांपुढे ठेवून हरकती मागवायच्या. हे ३० दिवस लक्षात ठेवा. कायद्यानं गावाचा आवाज थेट ऐकून घ्यायची जी थोडी ठिकाणं ठेवली आहेत, त्यातलं हे एक आहे. कायम नोंदणी झाली तरी दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी.

म्हणून अर्जदाराला पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र तात्पुरतं की कायम, मुदत कधी संपते, आणि किती खाटांसाठी आहे. पंधरा खाटांचा कागद दाखवून चाळीस माणसं ठेवलेली असली तर तिथे झोपायला सतरंजीवर जागा पुरत नाही. भावाच्या पहिल्या केंद्रात माणसं आळीपाळीनं कुशीवर झोपायची.

३. इमारत: हा भाग खरंच तुमचा आहे

जागा गावठाणात असेल तर बांधकाम आणि दुरुस्तीची परवानगी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली तुमच्याकडे येते. गावठाणाबाहेर, शेतजमिनीत असेल तर अकृषिक वापराचं तहसील कार्यालयात आणि नगररचना खात्याकडे विचारावं लागेल. भाऊसाहेबांना, म्हणजे तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक), हे काम लेखी द्या.

सांडपाणी कुठे जाणार, शोषखड्डा तेवढ्या माणसांना पुरेल का, पाणी गावच्या नळयोजनेतून घेणार की स्वतःच्या बोअरचं, सुया-इंजेक्शनचा जैववैद्यकीय कचरा कोण उचलणार, हे प्रश्न लगेच सुटतात. जो खरा प्रश्न आहे, तो म्हणजे रात्री दोन वाजता बाहेरच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?

तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी आसरास्थानं उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका झावळ्यांच्या शेडला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि आजच्या कायद्यातल्या कलम ९५ नं कुठल्याही रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला सरळ बंदी केली आहे. व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडक्यांना गज असतात, दाराला बाहेरून कुलूप असतं, आणि ‘पळून जातात हो’ हे कारण सगळीकडे एकच सांगतात. तेव्हा दोन दारं मागा. रात्रपाळीचा माणूस आत झोपतो की गेटवर, ते विचारा. किल्ली खुंटीला लटकलेली स्वतः बघा.

४. ग्रामसभा: भीती बोलू द्या

आमच्या ग्रामसभेत एक आबा उठून म्हणाले, “आमच्या पोरी त्याच रस्त्यानं शाळेला जातात. दारुड्यांची छावणी नको गावात.” टाळ्या पडल्या. मग आमच्या आशाताई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “आबा, आत्ता पिणारे कुठं राहतात? आपल्याच आळीत ना? त्यांच्यापाशी कुणी डॉक्टर नाही, तिथं असंल.” सभा बराच वेळ शांत होती.

मला दोघांचंही म्हणणं पटतं. पोरींच्या रस्त्याची काळजी खोटी नाही. पण ‘व्यसनी माणसं नकोत’ या कारणावर ठराव फेटाळला, तर तो टिकवणं अवघड जाईल. मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचार मिळण्याचा, समाजात राहण्याचा आणि भेदभाव न होण्याचा हक्क याच कायद्यात आहे. शिवाय तुमच्याच गावातली दहा घरं असं केंद्र जवळ असावं म्हणून देवाला हात जोडून बसलेली असतात. ती सभेत बोलत नाहीत.

म्हणून विरोध कशाला, ते नेमकं करा. नोंदणी नसेल तर विरोध. रात्री नर्स नसेल तर विरोध. एकच दार असेल तर विरोध. असा विरोध लेखी गेला की प्राधिकरणाला तो वाचावा लागतो.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. केंद्रवाले हरिनाम सप्ताहाला एक दिवसाची पंगत देतो म्हणतील, शाळेला पंखे देतो म्हणतील. ग्रामपंचायतीनं घेऊ नका. उद्या तक्रार करायची वेळ आली की तीच पंगत लोकांच्या तोंडावर येते.

५. ठरावात काय लिहायचं

आम्ही तीन वेळा मसुदा बदलला. शेवटी इतिवृत्तात जे गेलं, त्याचा गाभा असा होता:

‘अर्जदार संस्थेस सदर मिळकतीचा वापर व्यसनमुक्ती केंद्रासाठी करण्यास पुढील अटींवर हरकत नाही. हा दाखला म्हणजे केंद्र चालवण्याचा परवाना नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खालील नोंदणी प्रमाणपत्राची प्रत ग्रामपंचायत कार्यालयात जमा केल्याशिवाय एकही रुग्ण दाखल करू नये. नोंदणीची मुदत संपल्यास अथवा नोंदणी रद्द झाल्यास हा दाखला रद्द समजण्यात यावा.’

दुसरं वाक्य माझ्या आग्रहानं आलं. ते दाखल्यावरही छापून घ्या, शिक्क्याच्या वरच. दाखला भिंतीवर लावला तरी सोबत आलेल्या आई-बहिणीला ते वाचता येईल.

ठरावाची प्रत जिल्हा शल्य चिकित्सक आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला पाठवा, आणि पोच सांभाळून ठेवा.

६. पहिली भेट

केंद्र सुरू झाल्यावर महिन्याभरात जा. तिघं-चौघं पुरे, आणि त्यात एक आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातलं कुणी असू द्या. आधी कळवून, परवानगी घेऊन जा. ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुम्हाला झडतीचा अधिकार नाही. आतल्या माणसांचे फोटो काढू नका. कोण दाखल आहे हे बाहेर बोलू नका. शेजारच्या गावचा ओळखीचा माणूस दिसला तर त्याला नजरेनं नमस्कार करा आणि पुढे चला. तो बरा होऊन बाजारात भेटेल तेव्हा त्याला मान वर करून बोलता आलं पाहिजे.

मी आधी डोकी बघते. सगळ्यांचे चकोट केलेले असतील तर तिथेच थांबून कारण विचारते. सक्तीनं मुंडण करायला कायद्यानं मनाई आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. काम करायला भाग पाडता येत नाही, आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यायला हवा. माझा भाऊ पहाटे चारला उठून जागामालकाच्या गोठ्यातलं शेण काढायचा. त्याला ‘श्रमसंस्कार’ म्हणायचे. घरी आल्यावर कित्येक दिवस तो चारला दचकून उठायचा आणि अंधारात खराटा शोधायचा.

मग भिंती वाचा. नोंदणी प्रमाणपत्र सहज दिसेल असं लावलेलं हवं. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर ठळक जागी लावणंही केंद्रावर बंधनकारक आहे. हे मंडळ कायद्यानं नेमलेलं असतं, त्यात न्यायाधीश दर्जाची व्यक्ती, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्णांच्या किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांच्या बाजूची माणसं असतात. आत ठेवलेला माणूस किंवा त्याचे घरचे थेट मंडळाकडे दाद मागू शकतात. तो नंबर भिंतीवर नसेल तर आतल्या माणसाला जगाकडे जाणारी वाट बंद आहे असं समजा. फोन करण्याचा आणि भेटीला येणाऱ्यांना भेटण्याचा हक्कही त्याला आहे. ‘पहिले तीन महिने भेट बंद’ असा नियम ऐकलात तर वहीत लिहून घ्या.

त्यानंतर औषधं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू थांबवली की पहिले काही दिवस धोक्याचे असतात. हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यापुढे काहींना भास होतात, माणूस भलतंच बोलू लागतो, ताप चढतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. योग्य औषधं वेळेवर मिळाली तर हे टळतं. ज्या केंद्राला यातलं कळत नाही, तिथे ‘नाटक करतोय’ म्हणून त्याला खोलीत कोंडतात. म्हणून विचारा: डॉक्टर कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री नर्स कोण, जवळचं ग्रामीण रुग्णालय किती किलोमीटरवर, १०८ ची गाडी मागच्या वेळी किती वेळात आली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं तर ते केंद्र जागं आहे असं मी मानते.

जेवण, संडास, पिण्याचं पाणी या गोष्टी तुम्हाला डोळ्यांनीच कळतील.

७. ‘उचलून आणणं’ आणि सहा महिन्यांचं पॅकेज

हा भाग गावात कुणालाच माहीत नसतो. घरचे थकलेले असतात. केंद्राला फोन करतात, रात्री जीप येते, चार जण माणसाला उचलून घेऊन जातात. बायको किंवा बाप कागदावर सही करतात, आणि सगळ्यांना वाटतं काम कायद्यानं झालं.

सज्ञान माणसाच्या बाबतीत नुसती घरच्यांची सही पुरत नाही. तो स्वतः तयार असेल तर स्वतःच्या संमतीनं दाखल होतो. असा माणूस जातो म्हणाला की त्याला सोडावं लागतं. त्याला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर फार तर २४ तास थांबवून तपासणी करता येते. तो तयार नसेल आणि त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल, किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर कलम ८९ लागतं. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. सात दिवसांत मंडळाला कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन मुलगा-मुलगी असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची मान्यता.

तेव्हा ‘सहा महिन्यांचं पॅकेज घेतलंय, मधे सोडता येत नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर त्या पॅकेजला कायद्याचा आधार नाही. मला हेच सांगितलं होतं आणि मी ऐकून परत आले होते. दोनदा.

अठरा वर्षांखालचा मुलगा मोठ्यांच्या खोलीत दिसला तर थांबू नका. मुलांना अपवादात्मक परिस्थितीतच आणि मोठ्यांपासून वेगळं ठेवता येतं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

८. तक्रार कुठे आणि कशी

किमान मानकं पाळली जात नसल्याची तक्रार प्राधिकरणाकडे कुणीही करू शकतो. नातेवाईक असणं गरजेचं नाही. तक्रारीवरून प्राधिकरण तपासणीचा आदेश देऊ शकतं. तक्रारीत तारीख, वेळ, काय दिसलं, कुणी पाहिलं एवढंच लिहा. ‘तिथे अत्याचार चालतात’ या वाक्यापेक्षा ‘अमुक तारखेला दुपारी चारला मागच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि आतून आवाज येत होता’ हे वाक्य शंभर पटीनं कामाचं.

मारहाण किंवा कोंडून ठेवणं समोर दिसलं तर आधी पोलिसांच्या मदतीसाठी ११२, मग कागद. कुटुंबाकडे वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार, दुसऱ्या वेळी दोन लाखांपर्यंत आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत दंड आहे. हे आकडे केंद्रचालकाला पहिल्याच बैठकीत शांतपणे वाचून दाखवा.

तक्रार करण्याआधी एक विचार मात्र करा: केंद्र उद्या बंद झालं तर आतली माणसं कुठे जातील? रात्रीतून सगळ्यांना एसटी स्टँडवर सोडून दिल्याचे प्रकार घडतात, आणि त्यातल्या काहींची औषधं चालू असतात. जिल्हा शल्य चिकित्सकांना तक्रारीतच लिहा की रुग्णांची दुसरीकडे सोय करून मगच कारवाई व्हावी.

९. केंद्रातून परतलेला माणूस

भाऊ दुसऱ्या एका केंद्रात स्वतःच्या पायांनी गेला. तिथे डॉक्टर होते, समुपदेशक होत्या, रविवारी आम्हालाही बसवून बोलायचे. तो घरी आला आणि पाचव्या महिन्यात घसरला. पुन्हा गेला. आता फॉलोअपला जातो. घसरणं हा या आजाराचा भाग आहे. गावानं ‘बघा, पैसे पाण्यात’ म्हणू नये, एवढी तयारी ग्रामपंचायत करू शकते.

फॉलोअपच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. व्यसन सोडलेल्या माणसांना आपसात मीटिंग घ्यायला समाजमंदिराची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मोफत द्या. ग्रामपंचायतीच्या फलकावर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा टेलि-मानस १४४१६. आम्ही ते रेशन दुकानाच्या भिंतीवरही लिहिले, कारण तिथे बाया रांगेत उभ्या असतात आणि वाचायला वेळ असतो.

आणि केंद्राच्या नोंदणीची मुदत संपायची तारीख भाऊसाहेबांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा. तिच्या दोन महिने आधीच्या मासिक सभेत हा विषय पुन्हा घ्या.